गेटवालं पावणं

"गाव उठलं."

सकाळी सहाला लोखंडी जाळीजवळच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून मामा नाक जरा वर करायचे आणि असं जाहीर करायचे. जाहीर करायचे ते मला. मी नसलो तर पंपांना. मग तंबाखू मळत खाली बघत उभे राहायचे. पाचेक मिनिटांत नाल्याचं पाणी खरोखरच चढू लागायचं. गावातल्या साऱ्या न्हाण्या आणि मोऱ्या एकदम वाहू लागल्याचं ते पाणी. आपण नाकाला रुमाल लावून ज्याच्या कडेनं पटकन पुढे सटकतो, त्या पाण्यात हा माणूस रोजचं पंचांग वाचायचा.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात, नदीकाठच्या एका लहानशा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर केमिस्ट म्हणून लागलो. केमिस्ट म्हटलं की लोकांना औषधाचं दुकान आठवतं. माझ्याकडे एक खोली, एक भट्टी, काही बाटल्या आणि दर वर्षी नव्यानं सही होणारं नेमणुकीचं पत्र, एवढाच ऐवज होता. 'मुलगा कुठं असतो?' असं कुणी विचारलं की माझी आई 'पाणीखात्यात' एवढंच सांगून विषय बदलायची.

मामा तिथले पंपचालक. वय पन्नाशी ओलांडलेलं, शिवाजी पेठेत दोन खोल्यांचं घर, बायको वारलेली. त्यांना नाव होतं, हजेरीवर ते रोज पुकारलं जायचं, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. कोल्हापुरी चप्पल त्यांनी कामावर कधी घातली नाही. "कातड्याला वास धरतोय साहेब, मग लग्नात कुणी शेजारी बसत न्हाई," असं म्हणायचे आणि रबरी चपला फटफटवत फिरायचे. मी त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, तरी मला साहेबच. मी एकदा म्हटलं, नावानं हाक मारा. तर म्हणाले, "नावानं हाक मारली की तुम्ही कामं सांगायचं बंद करशिला."

जाळीशी दोन मोठी गटारं येऊन मिळायची. डावं पेठेकडून, उजवं गावाच्या दुसऱ्या अंगानं. रविवारी अकरानंतर पाण्यावर तेलाची साय दिसली की मामा सांगायचे, "आज पेठेत मटण दणक्यात हाय." नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याचा वास यायचा, रंगपंचमीचं तर विचारूच नका. पण खरी गंमत फुटबॉलची. मामा तरुणपणी पेठेतल्या एका तालमीच्या संघाकडून खेळलेले, आणि केंद्रावर आल्यापासून त्यांनी एकही फायनल पाहिलेली नव्हती, कारण दुपारपाळीचा माणूस फायनलच्या दिवशी हमखास आजारी पडायचा. मग मामा कठड्याशी उभे. मॅच चालू असली की दोन्ही गटारं रोडावलेली असायची, सगळं गाव मैदानात. मॅच संपून तासाभरानं गुलालात माखलेली पोरं न्हाणीत शिरली की दोहोंपैकी एक गटार गुलाबी व्हायचं. डावं गुलाबी झालं तर मामा पंपाच्या झाकणावर थाप मारायचे. उजवं झालं तर थोडा वेळ बघत राहायचे आणि म्हणायचे, "रेफरी इकला गेल्ता."

हे ऐकायला मजेचं वाटतं. मलाही पहिलं वर्षभर वाटलं. पण त्या जागेची रचना तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर मामा कळायचे नाहीत.

जाळीतून गाळलेलं पाणी एका खोल विहिरीत पडायचं. विहिरीतून पंप ते उचलून वरच्या टाक्यांत टाकायचे. टाक्यांत ते स्वच्छ व्हायचं, निदान कागदावर व्हायचं, आणि मग पंचगंगेला मिळायचं. पंप विजेवर चालत. वीज गेली की पंप थांबायचे, पण गाव थांबत नसे. विहीर भरायची आणि पाणी उलटं नाल्यात चढू लागायचं. नाल्याच्या कडेला चाळीसएक घरांची वस्ती होती, उंबरे जमिनीलगत. विहिरीच्या भिंतीवर मामांनी पांढऱ्या रंगानं एक रेघ मारून ठेवली होती. पाणी त्या रेघेला लागलं की पहिल्या घरात शिरलं असं समजायचं. आणि विहिरीच्या दुसऱ्या अंगाला, नदीच्या बाजूला, एक लोखंडी गेट. त्याचं चाक फिरवलं की सगळं पाणी जसंच्या तसं नदीत.

वीज गेल्यापासून रेघेपर्यंत अर्धा तास. जनरेटर मागितलेला होता. आमच्या आधीच्या लोकांनीही तो मागितलेला होता. तेवढ्या अर्ध्या तासात मामा एकदा घड्याळ बघायचे, एकदा रेघ, एकदा तारेवरचा बल्ब. बोलणं बंद. तोंडातली तंबाखू थुंकायचंसुद्धा विसरायचे. पाणी रेघेला चार बोटं उरलं की चाकाला हात घालायचे. एका बाजूला चाळीस घरं, दुसऱ्या बाजूला नदी, आणि दोन्हीच्या मधे पाळीवरचा एक माणूस. मोठ्या लोकांनी कागदावर जो प्रश्न सोडवायचा, तो तिथं एक सातवी शिकलेला माणूस आठवड्यातून एकदा दंडाच्या जोरावर सोडवत होता.

गेट उघडल्याची नोंद मात्र करायची नाही असा रिवाज होता. लेखी हुकूम कुणाचा नव्हता. रजिस्टरात एक रकाना होता आणि त्यात रोज 'गेट बंद' लिहायचं, बस्स. मीही बाटल्यांतल्या तपासणीचे आकडे जपूनच लिहायचो, त्यामुळे मी कुणाला बोट दाखवावं अशी परिस्थिती नव्हती. एकदा तपासणीला आलेले अधिकारी पानं उलटता उलटता थांबले. काही पानांवर मामांची वळणदार सही होती, काही पानांवर अंगठा.

"हा माणूस अडाणी आहे का?" त्यांनी मला विचारलं.

मामा मागेच उभे होते. "हाताला ग्रीस लागलं की अंगठा देतो साहेब," ते म्हणाले. अधिकाऱ्यांना ते पटलं.

मला पटलं नाही. मी त्या पानांवरच्या तारखा माझ्या नोंदींशी ताडून पाहिल्या. ज्या दिवशी गेट उघडलं त्या दिवशी अंगठा. मी त्यांना एकटं गाठून विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाले, "खोटं लिवायचं तर लिवतो. नोकरी हाय. पर सहीत बापाचं नाव येतंय की. त्येला कशाला त्यात घालू?"

मी हसलो होतो तेव्हा. आज आठवलं की हसू येत नाही.

मामांना एकच मुलगी. पेठेतल्या नळाला करंगळीएवढी धार, त्यामुळे पोर लहानपणापासून कळशा वाहून मोठी झाली. लग्नाचं बघताना मामांनी एकच अट धरली, पाण्याची ददात नको. कुरुंदवाडच्या वाटेवर, नदीच्या खालच्या अंगाला एक गाव आहे. तिथलं शेतकरी घर त्यांनी पसंत केलं. "परसदारी नदी बघितली नि तिथंच सुपारी फोडली," असं ते सांगायचे. तेव्हा ते पाणीपुरवठ्याकडे होते. लग्नानंतर वर्षाच्या आत त्यांची बदली आमच्या केंद्रावर झाली.

"आठ दिसांनी पयल्यांदा चाक फिरवलं," त्यांनी मला एकदा सांगितलं. "फिरवलं, घाम पुसला, तंबाखू मळली. आन् मग ध्यानात आलं, ह्ये पाणी कुठं निघालंय ते."

त्या दिवसापासून फोन सुरू झाले. लेकीच्या गावात एका किराणा दुकानात फोन होता. नाल्याचं पाणी तिथं पोचायला एक दिवस आणि एक रात्र लागायची. मामा गेट उघडलं की केंद्राच्या फोनवरून दुकानदाराला दोनच शब्द सांगायचे, "भरून ठेवा." दुकानदार पोराला पाठवून निरोप घरी द्यायचा. लेक पिंपं, घागरी, पातेली भरून ठेवायची आणि पुढचे दोन दिवस नदीचंच पाणी येणाऱ्या नळाला हात लावायची नाही. आधी तिचं घर, मग शेजार, मग गल्ली, वर्षभरात सगळं गाव. फोन आला की बायका नळावर रांग लावायच्या.

मी एकदा मामांबरोबर त्या गावच्या जत्रेला गेलो होतो. एसटीतून उतरल्या उतरल्या पारावरची माणसं उठून उभी राहिली. "गेटवालं पावणं आलं," असं म्हणत पोरं पुढे पळाली. एका म्हाताऱ्यानं तर मामांना, पावसाचा अंदाज विचारावा तसं विचारलं, "पावणं, म्होरल्या आठवड्यात कसं काय हाय?" मामा ओशाळून हसले. लेकीच्या घरी गेल्यावर आधी स्वयंपाकघरात शिरून त्यांनी नळाखाली तांब्या धरला आणि उभ्यानं सगळा पिऊन टाकला.

"आबा, घागरीतलं घ्या की," लेक करवादली. "दर टायमाला काय ह्ये तुमचं?"

"गावाला पाजतोय ते आपुण प्यायला नगो?" मामा म्हणाले आणि तोंड पुसलं.

मी चहा घेतला. चहाचं पाणी उकळलेलं असतं, हे मला केमिस्ट म्हणून ठाऊक होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात त्या बाजूच्या गावांचा मोर्चा शहरात आला. बाटल्यांतून काळं पाणी घेऊन आलेले लोक होते. आमच्या खात्याच्या साहेबांनी टेबलावरची बाटली लांब सरकवत सांगितलं, "आमचं गेट बंद असतं. रजिस्टर बघा." त्यावर मोर्च्यातला एक तरणा पोरगा म्हणाला, "बंद असतंय तर तुमचा माणूस आमास्नी फोन कशापायी करतोय?"

तो पोरगा वाईट नव्हता. त्याला वाटलं आपण मोठा पुरावा दिला. साहेबही तसे वाईट नव्हते. त्यांच्या वरही साहेब होते. पण दुसऱ्या दिवशी आमच्या टेलिफोनच्या तबकडीला एक छोटं पितळी कुलूप लागलं आणि किल्ली ऑफिसात गेली. मामांना समोर उभं करून समज देण्यात आली. पुन्हा बातमी बाहेर गेली तर नोकरी जाईल. मामांनी विचारलं, "आन् गेट?" साहेब म्हणाले, "गेटचं तुम्हाला माहीत आहे काय करायचं ते."

सार्वजनिक फोनचं बूथ दहा मिनिटांवर होतं. पण गेट उघडल्यावर मामांना जागा सोडता येत नव्हती. वीज येईल त्या क्षणी पंप सुरू करून गेट बंद करायला हवं. कठड्याच्या आत त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं, तरी ते तिथून दहा पावलं बाहेर जाऊ शकत नव्हते. लेकीला त्यावेळी पाचवा महिना होता. पहिलटकरीण. दोन दिवस ते माझ्या खोलीच्या दारात येऊन परत गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "साहेब, एक निरोप द्याल का? न्हाई म्हणलासा तरी राग न्हाई."

मी हो म्हणालो. फार मोठं मन होतं म्हणून नव्हे. नाही म्हणायला तोंड उघडेना म्हणून.

त्या उन्हाळ्यात मी सात-आठ वेळा बूथवर गेलो. 'मामांचा निरोप आहे, भरून ठेवा', इतकंच बोलायचं. परत आलो की लांबूनच मान हलवायची. मामा चाकाजवळून एक हात वर करायचे. प्रत्येक वेळी बूथमधून निघताना कुणी ओळखीचं तर नाही ना, हे मी वळून बघायचो. माझं पत्र जूनमध्ये नव्यानं व्हायचं होतं.

सातव्या महिन्यात लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. मामांनी घराला चुना दिला, पाळण्याची दोरी नवी आणली, शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं. रजेचा अर्ज दोनदा दिला. बदली माणूस नाही म्हणून दोन्ही वेळा परत आला. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, पुढच्या सोमवारी नक्की. मामा मला म्हणाले, "हितं आली की मी मोकळा. मग आपल्याच गावचं पाणी पिईल."

त्या सोमवारच्या आधीचा शनिवार. दुपारी बाराला वीज गेली. साडेबाराला मामांनी चाक फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी निघालो. बूथवर कुठल्याशा परीक्षेच्या निकालामुळे गर्दी होती. माझा नंबर आल्यावर तीनदा फिरवला, तिन्ही वेळा लाइन व्यस्त. एवढ्यात रस्त्यावरून आमच्या खात्याची जीप केंद्राच्या दिशेनं जाताना दिसली. आत साहेब, शेजारी दोन पाहुणे. मी रिसीव्हर ठेवला आणि आडवाटेनं पळत सुटलो. जीपच्या आधी पोचलो, बाटल्या मांडल्या, श्वास लागलेला लपवला. पाहुण्यांना टाक्या दाखवत असताना मामांनी लांबून भुवया उडवून विचारलं. साहेब माझ्या खांद्याशी होते. मी नेहमीसारखी मान हलवली.

त्या क्षणी माझ्या मनात होतं, हे गेले की लगेच जाऊन करतो. ते चारला गेले. पाचला मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, मला बघायला मुलीकडचे येणार होते. रविवारी संध्याकाळी पाहुण्यांना सोडून परत येताना एका दुकानात टेलिफोन दिसला आणि मी रस्त्यातच थांबलो. पाणी तोवर पोचलेलं होतं. आता करून काय, असं म्हणून मी घरी आलो.

सोमवारी मामांची रजा पुन्हा रद्द झाली. मग महिनाअखेर आली, मग बदली माणसाचा पाय मोडला.

सुमारे महिन्याभरानं त्या गावात काविळीची साथ आली. त्या एका शनिवारच्या पाण्यानंच आली असं कुणी म्हणू शकणार नाही. नदीला वरून खालून अनेक गटारं मिळतात, आणि आमचं गेट त्याआधी आणि नंतरही उघडलंच होतं. मी केमिस्ट आहे, हे सगळं मला नीट मांडता येतं. मी ते स्वतःला इतक्या वेळा मांडून दाखवलं आहे की आता पाठ झालं आहे.

लेकीला आठव्या महिन्यात कावीळ झाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. ती वाचली, मूल गेलं. मुलगी होती.

मामा चौथ्या दिवशी कामावर आले. दाढी वाढलेली, सदरा नीट इस्त्रीचा. त्यांनी पंपांना तेल घातलं, जाळीतला कचरा ओढला, मग माझ्या खोलीत आले. खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत.

"साहेब, त्या शनवारी फोन लागलता न्हवं?"

सांगायचं होतं. अगदी ओठावर होतं. मी म्हणालो, "लागला होता."

मामा माझ्याकडे बघत राहिले. भट्टीचा काटा एवढा एक हलताना मला दिसत होता. मग म्हणाले, "बरं. मग झालं." आणि बाहेर गेले.

त्यानंतर पहिल्यांदा वीज गेली तो दिवस मी विसरणार नाही. अर्धा तास झाला. पाणी रेघेला चार बोटं आलं, दोन बोटं आलं, रेघेला लागलं. मामा चाकावर हात ठेवून उभे होते आणि चाक फिरवत नव्हते. वस्तीकडून एक बाई पळत आली. कडेवर पोर होतं. "मामा, पाणी आत याया लागलंय," ती म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली. मामांचे हात हलेनात. मी पुढे होऊन चाकाला हात घातला. मला ते एक इंचही हललं नाही. त्याला सवयीचा दंड लागतो. मग मामांनी मला कोपरानं बाजूला सारलं आणि स्वतः फिरवलं. शेवटपर्यंत. रजिस्टरात 'गेट बंद' लिहून अंगठा दिला.

"मी फोन करून येतो," मी म्हणालो.

"करा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी एकही फोन चुकवला नाही. बूथवरची छापील चिठ्ठी आणून त्यांना दाखवू लागलो, तिच्यावर नंबर असायचा, वेळ असायची. त्यांनी ती कधी हातात घेतली नाही. "कशाला दावतासा," म्हणायचे. मला ते दुखायचं, पण का दुखतंय हे मी शोधत नव्हतो.

मामा आता फुटबॉलचं बोलत नसत. जत्रेलाही गेले नाहीत. "लेकीकडे जाऊन या की," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "रजा न्हाई." मला ते खरं वाटायचं, कारण रजा खरोखरच नव्हती. माझं पत्र कायमचं झालं, लग्न झालं. चार वर्षांनी जनरेटर आला. त्याला हार घातला तेव्हा मामा मागच्या रांगेत होते. निवृत्तीला दोन महिने उरलेले. पहिल्यांदा वीज गेली आणि जनरेटर धडधडून सुरू झाला, तेव्हा सवयीनं ते चाकाकडे धावले. मग थांबून हातांकडे बघत राहिले, जणू ते कुठं ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत गेले. छातीत दुखायचं, कुणाला सांगितलं नव्हतं.

मी सातव्या दिवशी पेठेतल्या घरी भेटायला गेलो. लेक होती. शेजारच्या बायका उठून गेल्या, आम्ही दोघंच राहिलो. कोपऱ्यात दिवा होता. ती माझ्याशी साध्या आवाजात बोलत होती, आबांचं जेवण, आबांचं दुखणं. मग म्हणाली, "साहेब, तुमी आमच्यासाठी लई फोन केलासा. गावात समदी नाव काढत्यात. आबाच एकदा इसरले."

"काय विसरले?"

"त्या शनवारी तुमास्नी निरोप द्यायलाच इसरले की. आमच्या मालकांनी दवाखान्यात इचारलं, मामा, फोन का आला न्हाई? दुकानदारबी हुता तिथं. आबा म्हणाले, माझ्याच ध्यानातनं गेलं, साहेबास्नी सांगायचं ऱ्हायलं." तिनं पदर सारखा केला. "मी चार वर्षं बोललो न्हाई त्येंच्याशी. माहेराला पाय लावला न्हाई. शेवटी दवाखान्यात आलो तवाबी इचारलं. तवाबी तेच. इसरलो म्हणाले."

मी हिशेब केला. दवाखान्यातलं ते बोलणं आधी झालं होतं. मामा माझ्या खोलीत आले ते त्यानंतर. म्हणजे फोन लागला नव्हता हे ठाऊक असूनच त्यांनी मला विचारलं होतं. आणि मी काय म्हणालो ते तुम्ही ऐकलंच आहे.

"फोन मी करायचा होता," मी म्हणालो. "मामांनी मला सांगितलं होतं. ते विसरले नव्हते. मी विसरलो."

तिला ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं.

"आबास्नी म्हाईत हुतं?"

"हो."

"तुमी सांगितलासा?"

"नाही. मी फोन लागला म्हणून सांगितलं. त्यांना माहीत होतं तरी."

ती दिव्याकडे वळली. "चार वर्षं, आबा," एवढंच म्हणाली.

असल्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, मुकाट्यानं उठून जायचं असतं. तसं जाणं सोपं आहे, एक पायरी आणि रस्ता. पण मला उठता येईना. ती बसा म्हणाली नाही, जावा म्हणाली नाही. तिनं दिव्यात तेल घातलं, वात पुढे सारली आणि माझ्याकडे पाठ करून तिथंच बसली. बाहेर दिवेलागण झाली, शेजारची बाई दारातून डोकावून गेली, आणि मी भिंतीला टेकून तसाच बसून राहिलो.